स्तूप, लेणी आणि चष्मेवाले

४ जानेवारी, विमानतळ

वेळेच्या आधी आले! मी पोहोचले तेव्हा चष्मेवाले रांगेत उभे होते. हातात एकच बॅग, पासपोर्ट शर्टाच्या खिशात आणि खिशाला बटण. पहिली पायरी पास.

सहलीची शक्कल माझ्या लेकीची. "आई, हो म्हणायच्या आधी त्यांच्याबरोबर एक सहल कर. घरात माणूस कळायला वर्ष लागतं, सहलीत चार दिवसांत सोलून निघतो." लेक हुशार आहे, माझ्यावर गेलीय. चष्मेवाल्यांनी विचारलं होतं ते त्यांच्या दुकानात, माझा नंबर तपासताना! हनुवटी त्या यंत्रावर टेकवलेली, मान हलवायची सोय नाही, आणि हे म्हणतात, "मॅडम, आपण लग्न करायचं का?" मी म्हटलं, आधी नंबर सांगा. मग म्हटलं, बाकीचं कळवते.

उत्तर सहलीच्या शेवटी द्यायचं ठरलंय. मी एकसष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. ते सहासष्ट, बायको जाऊन तीन. त्यांना मूलबाळ नाही. माणूस दिसतो बरा. पण गाडीही शोरूममध्ये बरीच दिसते. आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलंय मी, शेजारच्या सीटवर बसून. स्टिअरिंग कसं धरलंय एवढ्यावरून माणूस सांगते.

सहल त्यांनी निवडली — बेटावरचे प्राचीन बौद्ध स्तूप, विहार, लेणी. मला नुसता समुद्रकिनाराही चालला असता. पण शिकाऊ माणसाला रस्ता निवडू द्यावा, त्यातच तो कळतो.

५ जानेवारी

पोहोचलो. घाम, नारळ, समुद्राचा वारा. बसचा ड्रायव्हर उत्तम, वळणावर गिअर खाली आणतो. गाइड तरुण आहे, फार बोलतो. माझ्या खोलीत एक विणकामवाल्या बाई आहेत, त्या विमानातही विणत होत्या. चष्मेवाल्यांच्या खोलीत एक निवृत्त पोस्टमास्तर.

६ जानेवारी

पांढरा स्तूप! एवढा प्रचंड की बसमधून कितीतरी वेळ आधी दिसायला लागला. चपला बाहेर, टोप्या बाहेर. आवारातली फरशी अशी तापलेली की आमचा अख्खा ग्रुप टुणटुण उड्या मारत निघाला. गाइड मात्र "सावकाश, डावीकडून प्रदक्षिणा" म्हणत शांतपणे चालतोय.

चष्मेवाल्यांनी पिशवीतून जाड मोज्यांचे दोन नवे जोड काढले. एक माझ्या हातात. "मापाचा अंदाज चुकला असेल तर सांगा." नव्हता चुकला! सगळे भाजत होते आणि मी राणीसारखी चालत होते. पोस्टमास्तर तर रडकुंडीला आले होते. विशेष प्रावीण्यासह पास.

गाइड विटांबद्दल काही सांगत होता — किती लागल्या, कुणी भाजल्या. माझं लक्ष मोज्यांकडे होतं.

७ जानेवारी

पोस्टमास्तरांना बाजूला घेऊन विचारलं, "ते घोरतात का हो?" "नाही. मी घोरतो." पास.

८ जानेवारी

आज डोंगरातली लेणी. आत काळोख, छतभर रंगवलेली चित्रं. सगळे वर माना करून. माझी मान दुखते, म्हणून मी चष्मेवाल्यांकडे बघत होते. ते गाइडला प्रश्न विचारत होते. हा रंग कशाचा, ओल कशी लागली नाही, चित्रकार उताणा झोपून काढायचा का? एक प्रश्न, दोन प्रश्न, संपेनातच! बाहेर बस खोळंबलेली. हा एक दोष आहे, लिहून ठेवते.

मी बाही ओढली. लगेच आले. ऐकतात! नवऱ्याने हा गुण कधी दाखवला नव्हता.

जिने उतरताना विणकामवाल्या म्हणाल्या, "तुमचं दोघांचं किती वर्षांचं लग्न?" मी म्हटलं, अजून ट्रायल चालू आहे. त्यांच्या हातातली सुईच थांबली.

९ जानेवारी

आज मुद्दाम चुकीचं वळण घेतलं. हॉटेलकडे डावीकडे जायचं असताना मी ठणकावून उजवीकडे म्हटलं. चष्मेवाले "बरं" म्हणाले आणि चालले. रस्ता एका भिंतीशी संपला. भिंतीवर मांजर. ते मांजराला म्हणाले, "नमस्कार," आणि आम्ही परतलो. "मी म्हणत होतो" हे तीन शब्द नाहीत की नाक फुगवणं नाही! माझ्या नवऱ्याने हे वळण मरेपर्यंत ऐकवलं असतं.

पास, पास, पास.

१० जानेवारी

आज मोठी परीक्षा घेतली. स्वतःवरच खूश आहे.

आमच्या शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. विद्यार्थी रुळला की एक दिवस मोकळ्या रस्त्यावर मी तो न सांगता दाबते. कुणी किंचाळतो, कुणी मला शिव्या देतो. एखादाच आरशात बघतो आणि गाडी नीट बाजूला घेतो. तो खरा ड्रायव्हर. ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही, माझी स्वतःची आहे.

तर आज जुन्या विहाराचे अवशेष होते. छप्पर कधीच गेलंय, उरलेत नुसते दगडी खांब, रांगाच्या रांगा. उंबऱ्याशी अर्धगोल कोरीव पायरी, तिच्यावर हत्ती, घोडे, हंस. गाइड म्हणाला, इथे पंधरा मिनिटं, मग पलीकडे पायी चालत खडकातल्या मूर्ती, तिथलं फाटक पाचला बंद होतं. ग्रुप निघाला. मी मागे राहिले, अगदी कोपऱ्यातल्या खांबामागे गेले आणि बसले. फोन बंद केला. म्हटलं, बघू या!

ते आले. हाक मारली नाही, आरडाओरडा नाही. पहिल्या रांगेतून गेले, दुसऱ्या रांगेतून गेले. मग पावलांचा आवाज येईना. मी श्वास रोखून बसले. मुंग्या चावल्या, पाय आखडले, पण हलले नाही. बऱ्याच वेळाने ते थेट समोर आले, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "चला, बस आली असेल." म्हणजे पाऊण तास शोधलं बिचाऱ्यांनी! ना राग, ना प्रश्न. चेहरा तेवढा उतरलेला. काळजीने उतरणारच.

या भानगडीत खडकातल्या मूर्ती आमच्या दोघांच्या राहिल्या. मूर्ती काय, आठवडाभर बघतोच आहोत.

११ जानेवारी

ठरलं. हो म्हणायचं.

लेकीला फोन केला. "पास झाले!" ती हसली आणि मग एकदम म्हणाली, "आई, त्यांना माहीत आहे का, परीक्षा चालू आहे ते?" मी म्हटलं, परीक्षा सांगून घेतात का? "लायसन देणारे तरी सांगूनच घेतात." कार्टीला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं. खांबाचं तिला सांगितलं नाही. का, कोण जाणे.

निळी साडी परत इस्त्रीला दिली आहे. उद्या समुद्राकाठचं हॉटेल, संध्याकाळी मोकळा वेळ. उद्याच सांगते.

मी सुखात आहे. या वयात हे वाक्य लिहिलं आणि खोडलं नाही.

१२ जानेवारी

गच्चीवर वेताच्या खुर्च्या. समोर समुद्र. मी गळा साफ केला. म्हटलं, तुम्ही दुकानात जे विचारलं होतंत —

"तेच बोलायचं होतं," चष्मेवाले म्हणाले. "तुम्ही उत्तर देऊ नका, मॅडम. मी प्रश्न मागे घेतो."

मला वाटलं, मस्करी आहे. मी हसलेसुद्धा!

ते हळू बोलत होते, गिऱ्हाइकाला नंबर वाढलाय हे सांगतात तसं. "त्या दिवशी मी तुम्हाला शोधलं ते पाच मिनिटं. दुसऱ्या रांगेतच तुमचा निळा पदर दिसला खांबामागून. मग मी झाडाखाली जाऊन बसलो."

"का?"

"तुम्ही बाहेर येता का बघत. पाच वाजत आले होते."

"मग हाक मारायची!"

"मारली असती तर तुम्ही मला पास केलं असतंत. तुम्ही पुटपुटता, मॅडम. मोज्यांच्या वेळी पुटपुटलात, भिंतीपाशी पुटपुटलात. मला आधी मजा वाटली. पण आठ दिवस तुम्ही माझ्याकडेच बघताय. मला वाटलं होतं, आपण दोघं मिळून दुसऱ्या कशाकडे तरी बघू."

मी म्हटलं, एका मूर्तीसाठी एवढं? मूर्ती तर सगळीकडे होत्या.

तेव्हा त्यांनी सांगितलं. बायको शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. समोरच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावर खडकातली निजलेली बुद्धमूर्ती. वर्ष संपलं तरी तिने ते काढू दिलं नाही. शेवटी बोलणं गेलं तेव्हाही ती तिकडे बघत पडलेली असायची. "तिला काय दिसायचं ते मला बघायचं होतं. म्हणून ही सहल."

"मला आधी सांगितलं का नाहीत?"

"विमानात सांगत होतो. तुम्ही पायलटने उतरवलं कसं ते बघत होतात."

खरं आहे. बघत होते.

"हो" अख्खं तयार होतं तोंडात. ते गिळलं आणि खोलीत आले.

१३ जानेवारी, सकाळ

झोप लागली नाही. फार राग आला आहे. कुणाचा, ते लिहीत नाही.

१३ जानेवारी, दुपार

रडून झालं. विणकामवाल्यांनी चहा मागवला आणि माझ्या हातात लोकरीची लड दिली. गुंडाळत बसले. बाई शहाण्या आहेत, आठ दिवसांत मी त्यांच्याशी चार वाक्यं बोलले नसेन.

उद्या खरेदीचा दिवस आहे. गाइडला विचारून गाडी ठरवली. मग चष्मेवाल्यांचं दार वाजवलं. म्हटलं, "सकाळी सहाला गाडी येईल, मूर्तीकडे जायला. यायचं असेल तर या. नसेल तर परत पाठवते. यात परीक्षा नाही."

त्यांनी चौकटीला हात लावून विचारलं, "तुम्ही चालवणार?"

"नाही. मी मागे बसेन."

"पुढे बसा. मागून तुम्ही त्या ड्रायव्हरचे जास्त हाल कराल."

१४ जानेवारी

पुढे बसले. ड्रायव्हरने दोनदा क्लचवर पाय ठेवूनच उतार घेतला, मी ओठ चावून गप्प बसले.

फाटकाशी ते म्हणाले, "मी एकटा जाऊ?"

"जा."

चपला ठेवतात तिथल्या दगडी कट्ट्यावर मी बसले. किती वेळ ते माहीत नाही. एकदा मान आपोआप तिकडे वळली, ती परत फिरवली. माणसाला न बघता त्याच्यासाठी थांबणं किती कठीण आहे! मी कधी केलंच नव्हतं. विद्यार्थ्यालाच काय, लेकीलाही कधी एकटीला गाडी घेऊन जाऊ दिलं नाही, तिने ती स्वतःच्या नवऱ्याकडे शिकून घेतली.

ते आले. चष्मा हातात होता, काचा पुसत होते. डोळे लाल. ते म्हणाले, "आता तुम्ही बघून या. मी चपलांपाशी थांबतो."

गेले. माझ्याबरोबर कुणी नाही, बघायला कुणी नाही. समोर फक्त ती.

सबंध खडकातून काढलेली, केवढी लांब! या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जावं लागतं. उजव्या कुशीवर निजलेली. खडकाचे काळे पट्टे गालावरून, खांद्यावरून तसेच वाहत गेलेत, आणि तरी चेहरा स्वच्छ. पायांपाशी थांबले. पावलं एकावर एक, पण अंगठे जुळत नाहीत. वरचा जरा मागे सरकलेला. मला वाटलं, कारागिराची चूक. आयुष्यभर चुकाच शोधल्या, दुसरं काय वाटणार!

मग डोक्याकडे गेले. डोक्याखाली दगडाची उशी आहे. आणि उशीला डोक्याच्या भाराने खळगा पडलाय. दगडाला! कुणीतरी कधीतरी निजलेल्या माणसाकडे इतकं नीट बघितलं होतं. पारखायला नाही, नुसतं बघितलं होतं. ती बाई दोन वर्षं उशीवर डोकं ठेवून ही उशी बघत होती. मी तिथे उभी राहून हमसून रडले. तिच्यासाठी रडले, हे मला आवडलं.

बाहेर येऊन विचारलं, "अंगठे पुढेमागे का आहेत?"

"गाइडने लेण्यांत सांगितलं होतं. झोपलेल्याचे सारखे असतात. गेलेल्याचे असे."

"मी ऐकलं नव्हतं."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि माझ्या चपला जुळवून माझ्या पुढ्यात ठेवल्या. मी पुटपुटले नाही.

परतीच्या वाटेवर ते मागे झोपले. मी आरशातही बघितलं नाही.

१५ जानेवारी, विमानतळ

सामानाच्या रांगेत, बॅग पट्ट्यावर टाकता टाकता मी विचारलं, "माझ्याशी लग्न कराल का?" मागचा माणूस म्हणाला, "बाई, पुढे सरका." मी सरकले. चष्मेवाल्यांनी दोन्ही बॅगांची कुलपं ओढून बघितली आणि म्हणाले, "सांगतो."

कधी, ते मी विचारलं नाही.