लव्हलॉर्नचं कार्ड

३ तारीख, सोमवार.
ही धाकट्या बहिणीकडे गेली. दोन दिवसांसाठी. बॅगा तीन. पॅकिंग हिला कधी जमलंच नाही.

४ तारीख.
इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीसाठी संपादकांनी मला 'लव्हलॉर्न' हा शब्द दिला. प्रेमाला पारखं झालेलं माणूस. व्युत्पत्ती शुक्रवारपर्यंत हवी. मी गुरुवारीच देणार. मागच्या आवृत्तीचं या शब्दाचं जुनं कार्ड बघायचंसुद्धा नाही, सगळं नव्याने. दुसरा संकल्प: फोन आधी तिने करायचा.

६ तारीख, सकाळी ८.
दोन दिवस संपले. फोन नाही. कुकरची शिट्टी कुठे ठेवलीय तेही सांगून गेली नाही.
'लॉर्न' म्हणजे हरवलेलं. 'लूज', म्हणजे हरवणं, त्याच्याच घराण्यातलं जुनं रूप. म्हणजे प्रेम होतं आणि गड्याने ते हरवलं. निव्वळ हलगर्जीपणा! मी वस्तू हरवत नाही. माझी छत्री अकरा वर्षं टिकलीय.

७ तारीख, शुक्रवार.
कार्ड झालं नाही. यात माझा दोष शून्य. आजवर माझी कार्डं घरी हीच लिहायची. मूळ, अर्थ, उदाहरण, सगळं. मी तपासून सही करायचो. खरी जबाबदारी सहीचीच असते. आणि ऐन वेळी हा दगा!
शेवटी मोठ्या मनाने मीच फोन केला. मेव्हणीने उचलला. म्हणाली, भावोजी, ताईला बोलायचं नाहीये, तिने इथे नोकरी धरलीय.
बावीस वर्षांच्या संसारानंतर हे! एका शब्दाने आधी सांगू नये माणसाने? मेव्हणीनेच कान भरले असणार. फार लागलं मनाला. जेवलो नाही. शिट्टीही सापडली नव्हती.

१० तारीख, सोमवार.
उदाहरणाच्या वाक्यापाशी गाडी अडली. संपादक म्हणाले, जुनं कार्ड काढा की. नाइलाजाने ड्रॉवर उघडला. कार्ड मिळालं. हिचं अक्षर. मूळ बरोबर. अर्थ बरोबर.
उदाहरण: 'लग्नाच्या बाराव्या वर्षी आपण लव्हलॉर्न आहोत हे तिला कळलं, आणि तिने ते नवऱ्याला लिहून कळवलं.'
खाली शेरा: 'वाचले. दुरुस्ती नाही.' त्याखाली माझी सही. तारीख दहा वर्षांपूर्वीची.
आज वाचलं.
संपादकांनी विचारलं, काही दुरुस्ती? नाही म्हणालो.