भिंतीला आवळलेलं कपाट

अहो,

नमस्कार. मी मजेत आहे, गुडघाही कुरकुरत नाही. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना?

काल लेकीने तिचं काम दाखवलं. जमिनीतल्या भेगेवर पुरुषभर खोल चर खणलाय. त्यात उतरून मातीच्या थरांवरून मागचे भूकंप ओळखायचे. म्हणाली, "आई, ही भेग हजार वर्षांत हललेली नाही." मी म्हटलं, "बरंच की!" तर हसून म्हणते, "बरं की वाईट, तेच तर शोधतेय!"

आपण दोघांनी इथेच कायमचं राहावं, हा तिचा हट्ट तसाच आहे. घर भेगेपासून लांब आहे, काळजी नको, म्हणते. पण आज आपली खोली लावताना तिनेच कपाट स्क्रूने भिंतीला आवळलं आणि पलंग खिडकीपासून दूर सरकवला. आता तिच्या बोलण्यावर जाऊ की त्या स्क्रूंवर? शाळेत सिस्टर सांगायच्या, मन गोंधळलं की प्रार्थना करा. केली. गोंधळ आहे तिथेच आहे.

यायचं का, तुम्हीच सांगा.

आणि तुमच्या उशाशी पुस्तकांचं कपाट आहे ना, ते जरा हलवून बघा. तिकडे भूकंप होत नाही, ठाऊक आहे मला. तरी डुगडुगत असेल तर आजच सुताराला बोलवा.

इथे असून तिथेच घुटमळणारी,
तुमची मी