बाटली कुणावर वापरायची

१४ मार्च, दुपार

प्रिय भाऊजी,

तुम्हाला आणि पोरांना आशीर्वाद. मजेत असाल. आम्हीही आहोत. तुम्ही म्हणाल, वहिनीला पत्र लिहायची काय हुक्की आली, फोन काय मेलाय? अहो, फोन घ्यावा तर घर एवढंसं, आणि तुमच्या दादांची मान हलत नसली तरी कान भलते तिखट आहेत. म्हणून शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहितेय. मध्येमध्ये पाय मारते, म्हणजे आत त्यांना वाटावं की काम चाललंय.

आधी बरी बातमी. तुम्ही पाठवलेला जुना कॉम्प्युटर सुरू झाला, आणि त्यात तो खुनाचा खेळ निघाला. लहानपणी तुम्ही दोघं एका खुर्चीत बसून खेळायचात, तोच. बर्फात अडकलेलं हॉटेल, मालकाचा खून, आणि आपण गुप्तहेर. पळापळ नाही काही. बाण न्यायचा आणि दाबायचं. हे डोळ्यांनी दाखवतात, तिकडे मी माऊस नेते. एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. लिफ्ट दुरुस्त करताना खड्ड्यात पडल्यापासून ह्या माणसानं स्वतःहून काही म्हणून मागितलं नव्हतं. ते आता डावीकडे ने, अजून डावीकडे ने, असं मला राबवायला लागले!

मी पक्की भित्री. खेळातल्या आरशात ती पांढरी बाई मागे उभी राहिली तेव्हा अशी बोंबलले, की खालचा न्हावी वस्तऱ्यासकट वर धावत आला. ह्यांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी. ते पुसताना मलाही रडू आलं, पण सुखाचं. वाटलं, आलं माझं माणूस परत.

इथेच पत्र संपवावं असं फार वाटतंय.

परवा खेळात आम्हाला तळघरात विषाची बाटली सापडली. अशी वस्तू मिळाली की उचलायची आणि कुणावर वापरायची ते दाखवायचं. मी विचारलं, मालकाच्या पेल्याशी लावून बघू? नाही. स्वयंपाकिणीला दाखवू? नाही. मी वैतागले. म्हटलं, "अहो, मग कुणावर वापरू? माझ्या डोक्यावर?" हे पडद्याकडे बघतच नव्हते. स्वतःच्या छातीकडे बघत होते. मग माझ्या हाताकडे. पुन्हा छातीकडे. आणि डोळे मिटले. एकदाच.

मी म्हटलं, "खेळाचंच म्हणताय ना?"

दोनदा मिटले.

मी वाट्टेल ते बोलले त्यांना. कॉम्प्युटर बंद केला. काल पुन्हा लावला, म्हटलं विसरले असतील. कसलं काय. तेच तळघर, तीच बाटली, आणि ह्यांचं तेच. दुसरीकडे कुठे बघायलाच तयार नाहीत.

मी असलं काही करणार नाही, भाऊजी. पण खरं सांगते. काल कूस बदलून त्यांच्या पाठीवरच्या जखमा पुसताना मनात आलं, ह्यांचं तरी काय चुकतंय? तेव्हापासून मला माझ्याच हातांची भीती वाटते.

तुम्ही एकदाही आला नाहीत. बघवत नाही म्हणता. मलाही बघवत नाही, पण मला कोण विचारतंय?

तळघर आलं की तुम्ही दादाच्या पाठीमागे तोंड लपवायचात, असं हे हसून सांगायचे. त्या पाठीची आता चाळण झालीय. तिथे लपता यायचं नाही. या, आणि माऊस तुमच्या हातात घ्या. ते तुम्हालाही तेच दाखवतील. तुम्ही नाही म्हणा. दहा वेळा म्हणा. त्यांना नाही म्हणणारं दुसरं कुणीतरी ह्या घरात हवं, माझ्या एकटीचं ‘नाही’ आता पुरत नाही.

मशीनवरचा पाय कधीचा थांबलाय. आत त्यांना कळलं असणार. उठायला हवं.

तुमची,
आत जायला घाबरणारी,
वहिनी