रेवतीच्या खुब्यासाठी कौल

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, सकाळी ११.४०

एक्स-रेच्या टेबलापाशी माझ्या लेकीचे, रेवतीचे गुडघे धरून उभा होतो. गुडघ्याच्या वाट्या सरळ वर हव्यात, नाहीतर माप चुकतं. ती रडली, पण मी सोडले नाहीत.

उजव्या खुब्याचा गोळा ४६ टक्के बाहेर सरकलाय. मागच्या वर्षी २९ होता. डॉक्टर म्हणाले, "मधला सहा महिन्यांचा फोटो कुठे?" — काढलाच नाही! सहा वर्षांची पोर, चालत नाही, बोलत नाही, पण दुखलं की ओरडते. ओरडली नाही, म्हणून मी नेलं नाही.

"दुखायची वाट बघायची नसते, केतन. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा खुबा गुपचूप सरकतो."

ऑपरेशन. हाड कापून गोळा पुन्हा जागेवर. ५ मार्च.

२० फेब्रुवारी

बायको ऐकत नाही, मानसी. "न दुखणारं हाड कापायचं? वेडा झालायस का रे?" तीनदा आकडे समजावले. शेवटी म्हणाली, "गावी कौल लावू दे. देव हो म्हणाला तर माझी ना नाही."

बाबांना — नानांना — गावी फोन केला. गुरव देवाला पाकळ्या लावतो. उजवीकडची पडली की हो, डावीकडची पडली की नाही. मी हे मानतो का? मानतो. तीच तर भीती!

२३ फेब्रुवारी, रविवार

नानांचा फोन. "उजवो कौल पडलो. करून घे." मानसी रडली आणि रडत रडतच हॉस्पिटलची पिशवी भरायला बसली.

१ मार्च

लंगोट बदलताना उजवी मांडी उघडतच नाही. हे कधीपासून?

४ मार्च, संध्याकाळी ६.१५

चुलतभाऊ नितेश रक्त द्यायला गावाहून आला. वॉर्डबाहेर चहा पिताना म्हणाला, "जिगर आहे यार तुझी! डावा कौल पडूनसुद्धा करतोयस."

डावा?

"नाना बोलले नाय तुला? दोनदा लावला. दोन्ही वेळा डावा. मी तिथेच होतो ना!"

नानांना फोन केला. म्हणाले, "देवाक मी सांभाळतंय. तू चेडवाक सांभाळ, आपल्या रेवतीक." आणि ठेवला.

ऑपरेशनच्या संमतीचा सहीचा कागद अजून माझ्याकडेच आहे. सकाळी आठपर्यंत द्यायचाय.

५ मार्च, सकाळी ८.०५

सही केली. रेवतीला आत नेलं.

मानसी म्हणाली, "देवाने हो म्हटलंय, मग थरथरतोस कशाला?"

म्हटलं, "एसी आहे ना."