महिपतरावांनी मागे घेतलेला ठराव

प्रिय युवराज,

फोनवर तू घाईत असतोस, म्हणून लिहितेय. इथे कंपू मोहल्ल्यात सगळं ठीक आहे. काल पडाव भागात जाऊन नवा चष्मा आणला. लीलाताई भेटल्या, तुझी चौकशी करत होत्या.

माझ्या आजोबांबद्दल, म्हणजे तुझ्या पणजोबा महिपतरावांबद्दल, घरात सांगतात की ते सरकारच्या तोंडावर राजीनामा फेकून आले. ते अर्धंच खरं आहे. डबरा गावापलीकडे, इथल्या सिंध नदीकाठी त्यांची हरभऱ्याची शेती होती. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले, पण आजोबांच्या हाती नांगरच आला. अक्षरओळख जेमतेम. तरी आसपासच्या गावांनी त्यांना संस्थानच्या मजलिसीवर, म्हणजे कायदेमंडळावर, निवडून पाठवलं, ते बेगारीमुळे. कुणी साहेब दौऱ्यावर आला की पेरणी सोडून त्याचं सामान फुकट वाहावं लागे. ही बेगार बंद व्हावी, असा ठराव आजोबांनी मांडला. राजधानीत, लश्कर भागात, महिनाभर त्याचीच चर्चा होती.

मतदानाला चार दिवस असताना त्यांच्या धाकट्या भावाला, दिनकररावांना अटक झाली. गावातल्या लोकांना त्यांनी बेगारीला जाऊ दिलं नव्हतं. एका अधिकाऱ्याने आजोबांना बोलावलं, चहा पाजला आणि सुचवलं की ठराव मागे घेतला तर भाऊ घरी येईल. दिनकररावांना जुना दमा. कोठडीच्या ओलीत ते किती दिवस काढतील, याचा भरवसा नव्हता. आजोबांनी ठराव मागे घेतला.

भाऊ सुटून आले ते दारातच उभे राहिले. म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच विचारलं नाही," आजोबा म्हणाले.

मग दोघांचं बोलणंच बंद झालं. आजोबांनी मजलिस सोडली ती यानंतर. गावातही लोक त्यांना पाहून तोंड फिरवत. हिवाळ्यात पुन्हा कुणी साहेब आला, बेगारीची हाक आली. आजोबा शेतातून तसेच उठले, साहेबाची पेटी डोक्यावर घेतली आणि चालू लागले. मुक्काम चार कोसांवर होता. अर्ध्या वाटेत दिनकरराव मागून आले, धापा टाकत, हातात पाण्याचा लोटा. ते शेवटपर्यंत सोबत चालले.

बेगार काही त्यामुळे थांबली नाही. ती जायला पुढे बरीच वर्षं लागली. पुढच्या निवडणुकीत गावाने आजोबांना उभं राहायला सांगितलं, पण ते राहिले नाहीत. मी तेरा वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं, वाईट वाटतं का म्हणून. म्हणाले, रोज वाटतं, आणि तीच वेळ पुन्हा आली तर तेच करीन.

तुझ्या प्रचाराचं पत्रक तुमच्या पक्षातला सौरव परवा छापायच्या आधी वाचायला देऊन गेला. त्यावर 'कधीही न झुकलेल्या महिपतरावांचा पणतू' असं आहे. ती ओळ मी खोडून पत्रक छापखान्यात पाठवलंय. तुला न विचारता. रागावशील, ठाऊक आहे. पक्षातले लोक माझ्यावर नाराज होतील, तेही ठाऊक आहे. त्या जागी खरं काय ते लिही, नाहीतर जागा कोरी सोड. आणि घरोघर फिरायला निघशील तेव्हा मला न्यायला ये. कुणी विचारलंच, तर आजोबांबद्दल मी सांगेन.

तुझीच,
आई