फुली मारलेला सिलिंडर

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. विसरवाडीचं आपलं वेल्डिंगचं दुकान मी चालवतो, आणि दारामागच्या खिळ्याला तुमची खडूची पिशवी अजून लटकते. ऑक्सिजन संपला की आधी सिलिंडरवर फुली मारायची, मग दुसरं काम, ही तुमची शिस्त. एकदा मी विसरलो आणि तुमच्या दोस्ताने, टेम्पोवाल्या काकांनी, रिकामा सिलिंडर भरलेला समजून पार नवापूरपर्यंत नेला. तेव्हा गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला झापलंत: "फुली म्हणजे आपला शब्द शे." एवढ्याशा खडूपायी! फार राग आला होता तुमचा.

मग करोनाची दुसरी लाट आली. ऑक्सिजन आधी दवाखान्यांना, असा निरोप आला आणि आपले भरलेले सिलिंडर गेले. एक मी ठेवून घेतला. माय तापाने फणफणली होती, खोकला थांबत नव्हता, मी पुरता घाबरलो होतो. कोणी मागू नये म्हणून त्या भरलेल्यावर फुली मारली आणि रिकाम्यांच्या रांगेत उभा केला. तुमच्यासारखीच फुली, ठसठशीत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काका आले. काकूंना दवाखान्यात खाट मिळाली होती, पण ऑक्सिजन संपलेला, कुठून तरी सिलिंडर आणा म्हणून सांगितलेलं. काका रांगेतली एकेक फुली बघत गेले. हवं तर दाब मोजायचं गेज लावून बघा, असं मीच म्हणालो. त्यांनी बघावं असंही वाटत होतं आणि बघू नये असंही.

"कसाले?" ते म्हणाले. "तुन्हा आबानी फुली शे."

त्यांनी टेम्पो तसाच वळवला. काकू संध्याकाळी गेल्या.

मायला तो सिलिंडर लागलाच नाही. आठ दिवसांत उठून ती भाकरी थापायला बसली. नालायक माणूस आहे मी, आबा.

काल काका फाटकाची बिजागरी जोडून घ्यायला आले. मधेच ऑक्सिजन संपला, तर मागचा सिलिंडर त्यांनी स्वतःच पुढे ओढला. मी गेज शोधायला लागलो.

"फुली नई शे ना?" ते म्हणाले. "मंग भरेलच व्हई."

फाटक न्यायला ते आज येतील. खरं तर हे पत्र त्यांच्या हातात द्यायचं आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला ते द्यावं लागत नाही.