सोनूबाईची किटली

१ ऑगस्ट १९८३, साकीनाका

काम लागलं! डोकेदुखीच्या गोळ्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक गाळा, वर पोटमाळा, तिथंच झोपायचं. मेस्त्री भीमराज आमच्या देवगडकडचाच. पांढऱ्या भुकटीचं पिंप दाखवून म्हणाला, हे कॅफीन, चहाचं सत्त्व. यानं गोळी लवकर लागू पडते. चाटलास तर घोड्यासारखा उधळशील, म्हणाला. सगळे हसले. सोनूबाई चहा करते, फुकट, पाहिजे तेवढा. झकास!

७ ऑगस्ट

अंगात काय जोर आलाय! डबल पाळी मारतो तरी दमत नाही. झोप मात्र नाही. छाती धडधडते, हात थरथरतात. धाकू इथला जुना. म्हणतो, मुंबईचं पाणी रे, लागतं सुरुवातीला. मग त्याचे हात का थरथरतात?

९ ऑगस्ट

श्रावण लागला. आईच्या डोळ्याचं आप्रेशन आहे, तिच्यासाठी महिनाभर चहा सोडला. आवडीचं सोडलं की देव ऐकतो. सोनूबाईला सांगितलं तर किटली हातात धरून उभीच राहिली. मग भीमराजकडे बघितलं तिनं. का बघितलं?

१० ऑगस्ट

डोकं फुटतंय, मळमळतंय. गेल्या श्रावणातही चहा सोडला होता, तेव्हा काही नव्हतं झालं. भीमराजनं आपल्या कारखान्यातलीच गोळी दिली. लगेच उतरलं. देवमाणूस.

११ ऑगस्ट

परत डोकं, परत गोळी. गिळल्यावर आठवलं, हिच्यात तेच चहाचं सत्त्व! नवस मोडला. आईच्या डोळ्याला काही झालं तर—

१२ ऑगस्ट

सोनूबाई पिंपातली भुकटी चमच्यानं किटलीत टाकताना दिसली. आम्ही दमू नये म्हणून असणार. धाकूला सांगितलं. म्हणाला, सगळ्यांना ठाऊक आहे. तो एकदा गणपतीला गावी निघाला, तर पनवेललाच एसटीतून उतरून परत आला. या चहावाचून डोकं पुढं जाऊ देईना.

१४ ऑगस्ट

गोळी नाही, चहा नाही. आज मडक्यातलं पाणीही कडू. भीमराज मडक्यापाशी होता.

१५ ऑगस्ट

नळाचंच पितोय. डोकं हलकं. आज सुट्टी, गावी निघतो. पगार राहू दे.

शटर खाली ओढलंय. भीमराज खालून हाक मारतोय, एक कप घे नि जा. मी गावी बोललो तर गाळ्याला टाळं लागेल म्हणतो.

धाकू कप घेऊन वर आलाय. सांगतो, मुकाट्यानं पी. तुझ्याआधीचा लवू नाही म्हणाला होता. त्याला पिंपातलंच भरवलं, छाती बंद—

तळाशी भुकटी आहे, विरघळलीच नाही इतकी— धाकू रडतोय, पण कप मागे घेत नाही— आये, मी तोंड उघडणार नाही— जिन्यावर भीमरा—